स्पायडर एक्स प्रो कॅलिब्रेटर: आठ महिने वापरून, आणि चिंतामणी चादर छापताना जांभळी का झाली त्याबद्दल

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेलचे कॅटलॉग करते, फोटो पण मीच काढते, डिझाइन पण मीच, आणि प्रेसवर उभं राहून शीट बघायला पण मीच जाते. त्यामुळं हा रिव्ह्यू फोटोग्राफरचा नाही, ज्याला छापून घ्यावं लागतं आणि छापल्यावर गिऱ्हाइकाला तोंड द्यावं लागतं त्याचा आहे, असं समजून वाचा. थोडा लांब झालाय.

मॉनिटर रंग किती खरे दाखवतो ते मोजून सुधारायचं हे मशीन का घेतलं ते आधी सांगते. मागच्या दिवाळीच्या आधी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखानदारांचा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कॅटलॉग केला, २४ पानं, १३० जीएसएम आर्ट पेपर, हजार प्रती. त्यात एक चादर होती चिंतामणी रंगाची, गर्द निळी, जकार्डवर मोर, अण्णांचा सगळ्यात जास्त खपणारा माल. मी चादर मांडीवर घेऊन बसले होते आणि स्क्रीनवर तो निळा अगदी जुळवून आणला होता, दोन तास गेले होते त्या एका पानावर. छापून आली ती सरळ जांभळी. डाळिंबी होती ती विटकरी झाली, बॉटल ग्रीन जवळपास काळी, आणि सगळीच पानं संध्याकाळी सात वाजता फोटो काढल्यासारखी काळवंडलेली. अण्णांनी कॅटलॉग उघडला, खऱ्या चादरीची घडी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही माझी चादर नव्हं. हे बघून हैदराबादचा व्यापारी जांभळी म्हणून ऑर्डर देणार, आपण निळी पाठवणार, आन् गाठोडं परत येणार." त्यावर मला बोलायला काही नव्हतं. हजार प्रती तशाच पडून राहिल्या.

प्रेसचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी होती हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी पण सगळ्यांसारखंच म्हटलं की प्रेसवाल्यानं शाई नीट दिली नाही. आणि प्रेसवाले काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते मला काय माहीत, माझ्याकडं फाईल आली तशी छापली." मला लै राग आला होता, पण त्यांचं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या स्क्रीनवर काय दिसतं ते मला तरी कुठं माहीत होतं? जे दिसत होतं ते माझ्या मॉनिटरचं मत होतं.

मग हा स्पायडर एक्स प्रो घेतला, डेटाकलर कंपनीचा. २०१९ मध्ये आलेलं मॉडेल आहे, आता त्याच्या पुढची पण आलीत, पण मला हा साधारण १५ हजारात मिळाला आणि माझ्या कामाला पुरतो. मुठीत बसेल एवढा पांढरा तुकडा, त्याला यूएसबीची वायर, आणि लेन्सवर जे झाकण आहे तेच काढून वायरवर सरकवलं की मॉनिटरच्या मागं वजन म्हणून लटकतं, म्हणजे मशीन स्क्रीनवर आपोआप टेकून राहतं. मॉनिटर जरा मागं कलता करायचा, नाहीतर खालून फट राहते आणि खोलीतला उजेड आत शिरतो. डब्यातला सिरियल नंबर जपून ठेवा, सॉफ्टवेअर चालू करताना तोच लागतो, मी डबा भंगारात टाकता टाकता वाचले.

मोजायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा. नाइट लाइट, आय केअर, मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असलं सगळं बंद. मग मशीन लावलं की स्क्रीनवर एकेक रंग येतो, लाल, हिरवा, निळा, मग करडे, गडद करडे, आणि मशीन प्रत्येक वेळी बघतं की कॉम्प्युटरनं सांगितलं होतं किती आणि स्क्रीननं दाखवलं किती. दोन-तीन मिनिटांत होतं सगळं. शेवटी तो त्या मॉनिटरचा प्रोफाइल बनवतो, म्हणजे एक छोटी फाईल की हा मॉनिटर कुठं कुठं चुकतो, आणि फोटोशॉप, कोरलसारखी सॉफ्टवेअर ती वाचून रंग सुधारून दाखवतात.

आता पहिल्याच दिवशी जे कळलं ते सांगते, आणि माझ्या मते सगळ्या मशीनची किंमत ह्या एका आकड्यात वसूल झाली. माझ्या स्क्रीनचा उजेड निघाला २८० कॅन्डेला (स्क्रीनचा उजेड दर चौरस मीटरला ह्या मापात मोजतात). छपाईच्या कामाला लागतो ८० ते १२०. म्हणजे मी वर्षानुवर्षं दुपटीपेक्षा जास्त उजेडात फोटो बघत होते, मला चादर उजळ दिसायची, जास्तच उजळ वाटली तर मी ती अजून जरा खाली ओढायची, आणि फाईल काळी व्हायची. कागदाला स्वतःचा उजेड नसतो ना, खोलीत जेवढा उजेड पडतो तेवढाच तो परत देतो. "छापून आलं की काळं येतं" अशी तक्रार सोलापुरात प्रत्येक प्रेसच्या काउंटरवर रोज ऐकू येते, आणि त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी नुसता मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणला तरी मिटतील. हे करायला मशीन पण लागत नाही. एक कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा, खोलीत नेहमीचा दिवा लावा, स्क्रीनवर पांढरी फाईल उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. आज रात्री करून बघा.

मी उजेड १०० कॅन्डेलावर आणला. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखा वाटला, आणि पिवळट पण, कारण आधी फॅक्टरी सेटिंग निळसर होतं आणि डोळ्याला तेच पांढरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी डोळे बसले. आता दुसऱ्याच्या ऑफिसात मॉनिटर बघितला की तोच निळा दिसतो मला.

तरी एवढं करून चिंतामणी सुटला नाही. कॅलिब्रेशननंतर ती जुनी फाईल उघडली तर निळा थोडा बदलला होता पण निळाच होता, जांभळा नव्हता. म्हणजे मॉनिटर खोटं बोलत होता ते वेगळं आणि छपाईत जांभळं झालं ते वेगळं. इथं बरेच जण मशीनला शिव्या देऊन परत करतात, म्हणून नीट सांगते: स्पायडर फक्त स्क्रीन मोजतो. प्रिंटर किंवा ऑफसेट मशीन मोजायचं उपकरण वेगळं असतं, कागदावर ठेवून मोजणारं, आणि त्याची किंमत पण वेगळीच असते. ह्या मशीननं तुमची खिडकी स्वच्छ होते, बाहेरचं अंगण झाडायचं राहतंच.

निळ्याचं असं आहे. स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा उजेड मिसळून रंग करते, प्रेस सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर चढवून. गर्द निळा छापायला सायन आणि मजेंटा एकावर एक येतात. पण सायन शाई शुद्ध नसते, तिनं फक्त लाल खायला पाहिजे, ती थोडा हिरवा आणि निळा पण खाते, त्यामुळं दोन्ही शाया सारख्या भरल्या की निळा होत नाही, जांभळा होतो. माझ्या फाईलमध्ये होतं सायन १००, मजेंटा ९५. जांभळा होणारच होता! जुन्या प्रेसवाल्यांना हे पाठ असतं, ते सांगतात की निळ्यात मजेंटा सायनपेक्षा निदान ३० नं कमी ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं पण नव्हतं.

स्क्रीनवर तो जांभळा मला आधीच का दिसला नाही, तर मी आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांत, काम करून शेवटी एकदम सीएमवायके, म्हणजे प्रेसच्या चार शायांत, करून द्यायचे, आणि ते पण फोटोशॉपमध्ये आयतं जे सेटिंग होतं त्यात, यूएस वेब कोटेड स्वॉप. मला वाटायचं वेब म्हणजे इंटरनेट. ते वेब म्हणजे कागदाच्या रोलवर छापणारं वेब ऑफसेट, मासिकं छापतात ते, आणि ते पण अमेरिकेच्या हिशोबाचं. आपल्याकडं आर्ट पेपरच्या सुट्या शीटवर छापतात. मी आता कोटेड फोग्रा ३९ नावाचं सेटिंग घेते, फोटोशॉपमध्ये ते असतंच, आणि प्रूफ कलर्स चालू करून, कंट्रोल आणि वाय दाबलं की झालं, काम करतानाच बघते की छापल्यावर कसं दिसेल. पण हे सॉफ्ट प्रूफ खरं तेव्हाच जेव्हा मॉनिटर मोजलेला असेल, आणि इथं स्पायडरचा दुसऱ्यांदा उपयोग झाला. जुन्या फाईलवर सॉफ्ट प्रूफ चालू केलं आणि स्क्रीनवरची चादर माझ्या डोळ्यांदेखत जांभळी झाली, पडलेल्या हजार प्रतींवर होती तश्शीच. मी कॅटलॉगचं पान स्क्रीनला लावून धरलं. एकच रंग. त्या दिवशी मला रडू आलं होतं खरं सांगते, कारण हे बटण आधी दाबलं असतं तर अण्णांचे पैसे वाचले असते.

त्याच मेनूत गॅमट वॉर्निंग आहे, ते लावलं की जे रंग चार शायांत बसतच नाहीत तिथं करडे डाग दिसतात. राणी, पोपटी, भडक केशरी, हे तिन्ही रंग कुठलाही प्रेसवाला चार कलरमध्ये स्क्रीनसारखे छापून देऊ शकत नाही, त्याला दोष देऊ नका. राणी रंगाच्या टॉवेलला आम्ही आता मालकांना आधीच सांगतो की छापील पानावर एक पायरी फिकं दिसेल, किंवा पाचवी शाई स्पॉट कलर म्हणून घ्या आणि तिचे वेगळे पैसे द्या. आधी सांगितलं की लोक ऐकतात, छापून झाल्यावर सांगितलं की तेच कारण बहाणा वाटतो.

मग आम्ही काय केलं, तर त्याच काकांकडं गेले, त्याच प्रेसवर. त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाच्या जॉबची शीट लागणार होती, तिच्या कडेला बोटभर जागा कटिंगमध्ये वाया जाणार होती, तिथं माझी एक पट्टी घ्या म्हटलं. पट्टीवर निळ्याचे दहा चौकोन, सगळ्यांत सायन १००, मजेंटा ९५ पासून पाच-पाचनं उतरत ५० पर्यंत. काका म्हणाले, "एवढ्याशा पट्टीसाठी काय करलालाव ओ मॅडम", पण घेतली. पट्टी कापून मी कारखान्यात नेली, अण्णांनी चिंतामणी चादर दारात उजेडाला धरली आणि पट्टी तिच्यावरून सरकवत नेली. तिसऱ्या चौकोनापर्यंत मान हलवत राहिले, पाचव्याला थांबले, सहाव्यावर बोट ठेवलं. मजेंटा ७०. माझ्या डोळ्याला पाचवा बरा वाटत होता पण सूत रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलीत, मी त्यांचं ऐकलं. घरी येऊन स्क्रीनवर तेच आकडे टाकले, सॉफ्ट प्रूफ चालू, शेजारी पट्टी. अगदी शंभर टक्के सारखं नाही, स्क्रीनवर किंचित जास्त चमक, पण हा निळा कुठला ते विचारावं लागत नाही, एवढं जुळलं. कॅलिब्रेटर नसता तर ह्या तुलनेला काही अर्थच नव्हता.

आता उजेडाचं, कारण इथं मी अजून एकदा फसले. पट्टी आणि चादर कारखान्याच्या दारात जुळत होती आणि माझ्या खोलीत ट्यूबलाइटखाली जुळेना. चादर हिरवट वाटायची. मशीन बिघडलं म्हणून तीनदा परत कॅलिब्रेट केलं. मशीन ठीक होतं. सुताचा रंग वेगळ्या रसायनाचा, शाई वेगळ्या रसायनाची, दोन्ही एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात. साडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, म्हणून तर नवी पेठेत बायका साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात. छपाईवाल्यांनी त्याचा नियमच केलाय, छापील काम बघायला ५००० केल्विनचा ठरलेला उजेड (केल्विन म्हणजे पांढरा उजेड किती पिवळट की निळसर त्याचं माप, आकडा वाढला की निळसर), आयएसओ ३६६४ म्हणून मानक आहे, त्यात उजेड किती पडावा ते पण ठरलंय, नुसतं बघायला ५०० लक्स आणि बारकाईनं तपासायला २००० लक्स. आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबा बहुतेक ६५०० च्या, निळसर, आणि सगळे रंग त्या नीट दाखवत पण नाहीत. मी ५००० केल्विनची, रंग नीट दाखवणारी म्हणजे सीआरआय ९० च्या वरची ट्यूब शोधून लावली टेबलाच्या वर. भिंत गुलाबी होती ती करडी करून घेतली, आईला अजिबात आवडली नाही. उन्हामुळं खिडक्या तर इथं बंदच असतात, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, जाड पडदे आधीपासून होतेच, त्याचा फायदा असा की दिवसभर खोलीतला उजेड बदलत नाही.

त्या ट्यूबखाली कागद ठेवल्यावर ६५०० केल्विनवर मोजलेला स्क्रीन कागदापेक्षा निळसर दिसायला लागला. मग मी डिस्प्लेकॅल नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं, ते स्पायडर एक्सवर चालतं, त्यात पांढरा किती गरम किती थंड पाहिजे ते कुठल्याही आकड्यावर ठेवता येतं. करत करत ५८०० च्या आसपास माझा कागद आणि स्क्रीन जुळले. तुमचा आकडा वेगळा येईल, कागद पण प्रत्येकाचा वेगळा पांढरा असतो. एक ध्यानात ठेवा, विंडोजवर डिस्प्लेकॅलसाठी मशीनचा ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि बदलला की कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर मशीन ओळखत नाही, घाबरू नका, ड्रायव्हर परत फिरवता येतो. ज्यांना ह्यात पडायचं नाही त्यांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच राहावं. ते सोपं आहे, आधीचं-नंतरचं एका बटणावर दाखवतं, आणि परत मोजायची वेळ झाली की आठवण पण करतं. मी महिन्यातून एकदा मोजते, मोठा जॉब असला तर त्या दिवशी सकाळी.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. स्वस्त लॅपटॉपवर काम करत असाल तर आधी मॉनिटर घ्या. पुष्कळ साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये एसआरजीबीचे, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेल्या नेहमीच्या रंगसंचाचे, जेमतेम ६० टक्के रंग असतात, आणि मशीन लावून नसलेले रंग येत नाहीत, फक्त जे आहेत ते सरळ होतात. वर मान हलवली की रंग बदलतो तसला स्क्रीन तर मोजून काहीच उपयोग नाही. आयपीएस पॅनेलचा (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा), पूर्ण एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर, आणि मग हे. आणि फोटोच चुकीचा असेल तरी मशीन काही करू शकत नाही: फ्रेमभर लाल चादर असली की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतोच, मी आता प्रत्येक चादरीबरोबर पहिला फोटो करड्या कार्डाचा घेते आणि मगच पुढं.

व्हॉट्सॲपचं पण बोलायला पाहिजे कारण मंजुरी सगळी तिथंच होते. मालक मोबाइलवर बघून "रंग ओके" म्हणतात आणि त्यांच्या मोबाइलचा डिस्प्ले व्हिव्हिड मोडवर असतो, त्यात आमचा टॉवेल पण दिव्यासारखा दिसतो. मी आता मोबाइलवर फक्त मजकूर आणि मांडणी मंजूर करून घेते, रंग नाही. रंगासाठी पट्टी छापून हातात देते, मागं सही घेते. थोडा वेळ जातो पण नंतरचं भांडण राहत नाही.

नवीन कॅटलॉग मकर संक्रांतीच्या आधी छापला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत बाहेरगावचे व्यापारी येतात म्हणून अण्णांना घाई होती. पहिली शीट मशीनवरून निघाली तेव्हा काकांनी ती ओलीच माझ्याकडं दिली, आम्ही दोघं भिंग लावून निळ्याचे ठिपके बघत होतो, मग शीट बाहेर अंगणात नेली आणि चादरीवर पसरली. मोर चादरीचा आणि मोर कागदाचा, शेजारी शेजारी. डाळिंबी डाळिंबीच राहिली. कव्हर मात्र थोडं मार खाल्लं, त्याला मॅट लॅमिनेशन होतं आणि मी पट्टी लॅमिनेशन न करता बघितली होती, मॅटनं गडद रंगांचा दम जातो, ती माझी चूक, आता कव्हरची पट्टी लॅमिनेशन करूनच बघते. अण्णांनी पान उलटून बघितलं, काही बोलले नाहीत, आणि दोनशे प्रती जास्त सांगितल्या.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा एवढ्यासाठी कापला की डब्याबरोबर उजेडाबद्दल आणि प्रेसच्या प्रोफाइलबद्दल दोन पानं सोप्या भाषेत दिली असती तर माझ्यासारखीचे तीन महिने वाचले असते.

सोलापुरात कुणाला स्वतःचा स्क्रीन एकदा मोजून बघायचा असेल तर खाली कमेंट करा, मशीन घेऊन येईन, पैसे नकोत. शनिवारी दुपारी चारनंतर मोकळी असते. फक्त मी यायच्या अर्धा तास आधी मॉनिटर चालू करून ठेवा, आणि ज्या रंगानं तुम्हाला सगळ्यात जास्त छळलंय ते छापील पान काढून ठेवा.